घोरण्यावरची शस्त्रक्रिया : होकार देण्यापूर्वी काय पाहावे

उन्हाळ्यात सगळे घर गच्चीवर झोपते, तेव्हा कोण घोरते हे शेजाऱ्यांनाही कळते. पण घोरणे मध्येच तुटते, छाती हलत राहूनही दहा-वीस सेकंद श्वास आत जात नाही आणि मग माणूस दचकून हुंदका दिल्यासारखा श्वास ओढतो, ती मधली शांतता आवाजापेक्षा अधिक काळजीची असते, कारण ती झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची (स्लीप अ‍ॅप्निया) खूण असू शकते. तिचे मोबाइलवर चित्रण करून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

त्यानंतर रात्रभराची झोपेची तपासणी करून घ्यावी. श्वास तासाला 5 ते 15 वेळा अडत असेल तर आजार सौम्य, 30 पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र मानतात. बहुतेक प्रौढांसाठी पहिला उपचार सीपॅप यंत्राचाच, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या यंत्राचाच असतो. दोन रात्रींत कंटाळून ते माळ्यावर टाकण्याआधी मास्कचा आकार बदलून पाहावा.

यंत्र खरोखरच सोसत नसेल आणि शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारावा : अडथळा नेमका कोठे आहे? माझ्या मते याचे स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत होकार देऊच नये. औषधाने झोप आणून दुर्बिणीने घसा पाहिला, की टाळू, टॉन्सिल किंवा जिभेचे मूळ यांपैकी कशामुळे श्वासाची वाट बंद होते ते दिसते. टॉन्सिल फार मोठे असतील तर ते काढून टाळूची दुरुस्ती केल्याचा चांगला उपयोग होतो. जिभेमागे जागाच कमी असेल तर निव्वळ टाळू कापून भागत नाही, तेथे दोन्ही जबडे पुढे सरकवण्याची मोठी शस्त्रक्रिया लागू शकते. नाकाचा वाकडा पडदा सरळ केल्याने आजार सहसा जात नाही, मात्र यंत्र वापरणे सुसह्य होते.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार आवर्जून सांगावा, कारण भूल आणि तीव्र वेदनाशामकांमुळे श्वास अधिक अडू शकतो.

टॉन्सिल किंवा टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे दोन आठवडे ज्वारीची कडक भाकरी आणि ठेचा बंद ठेवून ताकात कालवलेला गुरगुट्या भात द्यावा. या काळात घशातून रक्त येऊ शकते. म्हणून गाव दूर असेल तर लातूर, अंबाजोगाई, नांदेड, जेथे शस्त्रक्रिया झाली तेथेच नातेवाइकांकडे राहावे आणि ताजे रक्त दिसताच रुग्णालय गाठावे.

घोरणे थांबले तरी श्वास अडणे चालू असू शकते, त्यामुळे तीन ते सहा महिन्यांनी झोपेची तपासणी पुन्हा करावी आणि दोन्ही अहवाल शेजारी ठेवून तासाचा आकडा किती उतरला ते डॉक्टरांकडून समजून घ्यावे.