गाडीच्या एसीची तुटलेली वायर घरीच सोल्डर करायची असेल तर

एसी गार हवा देत नाही म्हटलं की सगळे पहिले गॅस भरायला धावतात. पण एसी चालू केल्यावर कॉम्प्रेसरचा क्लच (कॉम्प्रेसरला इंजिनच्या बेल्टशी जोडणारा भाग) बसल्याचा तो 'टक' आवाजच येत नसेल तर आधी वायरिंग बघा. सोल्डरिंग हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, खरा वेळ जातो तो वायर नेमकी कुठे तुटली हे शोधण्यात, आणि तिथे घाई केली की चांगली वायर कापून बसतो आपण.

पहिली गोष्ट, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर हे काम घरी करूच नका, त्यात कॉम्प्रेसरला जाणारी नारिंगी केबल शेकडो व्होल्टची असते. साध्या गाडीत डॅशबोर्डखाली पिवळ्या वायरी दिसल्या तर त्या बहुतेक एअरबॅगच्या, त्यांना हात नाही लावायचा.

आता शोधाशोध. आधी फ्यूज बघा, मग त्याच बॉक्समधला सारखाच दुसरा रिले (विजेवर चालणारा स्विच) एसीच्या जागी लावून बघा. दोन्ही ठीक असतील तर मल्टिमीटर घेऊन कॉम्प्रेसरच्या कपलरवर (वायरी जोडायच्या प्लगवर) या. इंजिन आणि एसी चालू ठेवून कपलर लावलेलाच असताना मागच्या बाजूने पिन घालून व्होल्टेज मोजा, पण बेल्ट आणि पंख्यापासून हात, बाह्या, मीटरच्या वायरी सगळं लांब, पंखा कधीही सुरू होतो. कपलर काढून मोजू नका बरं का, कारण वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि तुम्ही कॉइल गेली म्हणून मोकळे होता. क्लचची कॉइल (करंट आला की क्लच ओढणारं वेटोळं) साधारण ३-४ अँपिअर ओढते, तेवढा लोड आला की खराब वायरवरचं व्होल्टेज लगेच खाली बसतं, तेच तर पकडायचंय.

व्होल्टेज पूर्ण येतंय आणि अर्थिंग (बॉडीला जाणारी निगेटिव्ह बाजू) पण ठीक आहे, तरी क्लच ओढत नाही, तर इंजिन बंद करून कपलर काढा आणि कॉइलचे ओहम मोजा, बहुतेक गाड्यांत ३ ते ५ च्या आसपास येतात. काहीच रीडिंग नाही तर कॉइल तुटली, वायरिंगचा दोष नाही. व्होल्टेज येतच नसेल तर उलटं मागे मागे जात राहायचं, प्रेशर स्विच, रिले, फ्यूज. गॅस खूप कमी असला की सिस्टिम स्वतःच क्लच बंद ठेवते हे लक्षात ठेवा, म्हणजे व्होल्टेज नाही याचा अर्थ वायर तुटलीच असा नसतो. काही नव्या कॉम्प्रेसरला असा क्लचच नसतो, आत कंट्रोल व्हॉल्व्ह असतो, त्याला बॅटरीचे १२ व्होल्ट थेट देऊन बघायचा उद्योग करू नका.

वायर बहुतेक वेळा जिथे वाकते, घासते किंवा गरम होते तिथेच जाते, म्हणजे कॉम्प्रेसरच्या कपलरपासून वीतभर अंतरावर नाहीतर एखाद्या ब्रॅकेटच्या कडेला. वरून कव्हर अख्खं दिसतं आणि आत तांबं तुटलेलं असतं, म्हणून बोटांनी हळू वाकवत जा, मेलेल्या जागी वायर एकदम लुळी पडते.

जागा सापडली की चावी काढा, बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा, इंजिन थंड होऊ द्या. गॅस गळतोय अशी शंका असेल तर सोल्डर गन तापवूच नका, हा गॅस तापलेल्या टोकाशी आला की विषारी वाफ होते, आणि पेट्रोलचा वास येत असेल तरी थांबाच.

वायर कापून चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे सोला, हिरवट किंवा काळ्या पडलेल्या तांब्यावर सोल्डर धरतच नाही. वायर आखूड पडली तर त्याच जाडीचा तुकडा मध्ये जोडा, ओढून ताणून नाही. आता आधी हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) वायरवर चढवून लांब सरकवून ठेवा (हे विसरलं की जोड झाल्यावर परत सगळं कापावं लागतं). मग दोन्ही टोकं समोरासमोर आणून एकमेकांभोवती घट्ट गुंडाळा, इतकं की सोल्डर नसतानाही ओढल्यावर सुटायला नको, कारण ताकद त्या पिळाची असते, सोल्डर फक्त त्याला धरून ठेवतं.

६० वॉटची गन, रोझिन फ्लक्सवाली (आत राळ असलेली) ६०/४० सोल्डरची तार. नळकामाचा ॲसिड फ्लक्स चुकूनही नको, तो नंतर तांबं खात राहतो. गनचं टोक खालून वायरला लावा आणि सोल्डर वरून वायरलाच टेकवा, गनला नाही. वायर स्वतः तापून सोल्डर आत ओढून घेते. गार होईपर्यंत हलवू नका. फार वेळ तापवलं तर सोल्डर कव्हरच्या आत चढतं, तिथे वायर कडक होते आणि इंजिनच्या थरथरीने नेमकी त्याच ठिकाणी तुटते. म्हणून जोड लोंबकळत ठेवायचा नाही, दोन्ही बाजूंनी टायने बांधायचा. स्लीव्ह आतून गोंद असलेलीच घ्या, गरम केल्यावर कडेने गोंद बाहेर आला की पाणी आत जात नाही. साधी पीव्हीसी टेप इंजिनच्या उष्णतेत चिकट होऊन सुटते. दोन वायरी असतील तर जोड शेजारी शेजारी नको, पुढेमागे ठेवा.

ब्लोअरचं, म्हणजे आत हवा फेकणाऱ्या पंख्याचं, प्रकरण वेगळं. तिथे करंट खूप जास्त असतो, त्यामुळे रेझिस्टरचा (पंख्याचा वेग कमी-जास्त करणाऱ्या भागाचा) कपलर वितळलेला सापडतो, आणि मग लोक कपलर काढून वायरी थेट सोल्डर करून टाकतात. माझ्या मते हा वाईट जुगाड आहे, पिन तापली तर सोल्डरही सुटू शकतं. वायरीसकट नवा कपलर आणा, पिना क्रिंप केलेल्याच (वायरवर दाबून बसवलेल्या) असू द्या, सोल्डर मारायचंच तर मागे गार जागी. आणि मोटर हाताने फिरवून बघा, जड फिरत असेल तर तीच जास्त करंट ओढतेय, नवा कपलरही जळणार.

शेवटी बॅटरी लावा, एसी चालू करा आणि मीटरच्या दोन पिना जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे लावा, चांगला जोड ०.१ व्होल्टपेक्षा बराच कमी दाखवतो. जास्त दाखवला किंवा थोड्या वेळाने जोड हाताला कोमट लागला तर कापून परत करा. फ्यूज परत उडाला तर मोठा फ्यूज घालू नका, वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय नाहीतर कॉइल शॉर्ट आहे, ते आधी शोधा.