गडगडलं की होडी काठाला

मी पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेली. लहानपणी आभाळ गडगडलं की आजी मला अंगणातून ओढून घरात घ्यायची. पायाळू माणसावर वीज पडते म्हणे. वीज काही जन्माची चौकशी करत नाही. पण तलावाच्या मधोमध होडीत बसलात की आसपास सगळ्यात उंच तुमचंच डोकं असतं.

गेल्या ऑक्टोबरात भाच्याला घेऊन ठाण्याच्या तलावपाळीला पेडल बोटीत बसले होते. हस्ताचे दिवस, घामाच्या धारा, डोक्यावर आभाळ निळं. स्टेशनच्या बाजूला इमारतींच्या वर मात्र फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग फुगत होता, खालून काळाकुट्ट. लख्खकन चमकलं. मी मोजायला लागले, एकशे एक, एकशे दोन... एकशे चोवीसला गुरगुर आली. आवाजाला १ किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात, म्हणजे वीज ८ किलोमीटरवर. मी बोट वळवली.

"आत्या, अजून बारा मिनिटं आहेत! पैसे भरलेत!"

मोजणी भाच्याला शिकवायला ठीक आहे. निर्णयाला तिची गरज नाही. गडगडाट ऐकू आला, की तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. पाऊस सुरू व्हायची वाट बघू नका, पावसापासून १० किलोमीटर दूरही वीज पडते. त्यातून तलावपाळीला हॉर्न आणि बसच्या गोंगाटात दूरचा गडगडाट कानावर येतच नाही, आणि इमारतींमुळे आभाळही हातभरच दिसतं. ठाण्यातल्याच उपवन तलावावर वेगळीच गंमत: सगळे येऊरच्या डोंगराकडे तोंड करून सूर्यास्त बघतात आणि ढग पाठीमागून चढतो. म्हणून दर पाच मिनिटांनी मान वळवायची. निघण्याआधी फोनवर 'दामिनी' ॲप उघडा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे, २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज कुठे पडतेय ते दाखवतं. वळिवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत तर मी सकाळीच जाते. या दिवसांतले ढग बहुतेक दुपारनंतर तयार होतात.

आणखी एक हिशोब कुणी करत नाही: काठ किती लांब? त्या दिवशी आम्हाला परतायला सात मिनिटं लागली. वारा सुटला होता, फायबरची हलकी बोट एकीकडे वळवावी तर दुसरीकडे सरकायची. वरचं छत उन्हासाठी, विजेसाठी त्याचा उपयोग शून्य. हात पाण्यात घालायचे नाहीत, उभं राहायचं नाही, लाइफ जॅकेट अंगावरच ठेवायचं. धक्क्याने शुद्ध हरपली तर तेच तरंगत ठेवतं.

पोहणाऱ्यांनी तर ताबडतोब बाहेर यावं. वीज पाण्यात पडली की प्रवाह मुख्यतः पृष्ठभागावर पसरतो, आणि पोहणाऱ्याचं डोकं तिथेच असतं. छप्पर असलेला तरणतलावही त्या वेळी नको, आणि बाहेर येऊन शॉवरखालीही उभं राहू नका, नळांच्या लोखंडी पाइपांतूनही वीज येते.

काठावर आल्यावर लोक झाडाखाली धावतात. नेमकं तेच चुकीचं. झाडावर पडलेली वीज खोडावरून शेजारच्या माणसावर उडी घेते. तिकिटाची टपरी, बसस्टॉप, ताडपत्रीच्या छताची रिक्षा, यांपैकी काहीच चालणार नाही. पक्की इमारत, नाहीतर काचा बंद केलेली पत्र्याच्या छताची मोटार.

कुणाला वीज लागलीच तर हात लावायला घाबरू नका, अंगात करंट उरत नाही. बऱ्याचदा हृदय आणि श्वास थांबलेला असतो. कुणाला तरी १०८ लावायला सांगा आणि छातीच्या मधोमध ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. पाण्यातून काढलेल्याला तोंडाने श्वासही द्या. अनेक जण असतील तर ओरडणाऱ्याला थांबू द्या, आधी गप्प पडलेल्याकडे जा.

आम्ही समोरच्या एका हॉटेलात शिरलो. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही, हा माझा नेम. तीनदा घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. तेवढ्यात भाच्याने दोन प्लेट वडे संपवले. उरलेल्या बारा मिनिटांचा हिशोब तो अजून मागतो.