फिरत्या कार वॉश व्हॅनमध्ये सांडपाणी गोळा करून परत वापरण्याची सोय कशी करावी

सोसायटीत येऊन गाडी धुऊन देणाऱ्या व्हॅन आता पुण्या-मुंबईत नवलाच्या राहिलेल्या नाहीत. गाडी चकाचक होते, गिऱ्हाईक खूश होतं आणि काळपट फेसाचा ओघळ उताराने जाऊन पावसाळी लाईनच्या जाळीत गडप होतो. ही पावसाळी लाईन मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात जात नाही. पुण्यात ती ओढ्या-नाल्यांतून थेट मुळा-मुठेत उतरते. ब्रेकची काळी भुकटी, ऑइलचा अंश, शॅम्पू, डांबर काढायचं सॉल्व्हंट, सगळं तिच्यातून नदीत पोचतं. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम 24 अशा गोष्टी प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर जाणूनबुजून सोडायला मनाई करतं. फिरता व्यवसाय म्हणून त्यातून सुटका नाही. शिवाय मार्च 2024 च्या टंचाईत बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घातली आणि 5,000 रुपये दंड लावला. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या आपल्या सोसायट्यांचे सेक्रेटरी असं काही विचारायला लागायच्या आधी तयारीत असलेलं बरं.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. व्हॅनमध्ये पिण्यासारखं स्वच्छ पाणी बनवायचं नाही. काम दोनच आहेत: पडलेलं पाणी जमिनीवरून उचलायचं आणि त्यातलं निम्मं पहिल्या धुलाईला परत वापरायचं. हे विसरून बरेच जण आधी महागडे फिल्टर घेतात. मग उचलायची सोय धड नसल्यामुळे ते फिल्टर कोरडेच राहतात.

पहिलं काम: हिशोब

साधा घरगुती प्रेशर वॉशर मिनिटाला 6 ते 7 लिटर पाणी टाकतो. बंदुकीचा घोडा प्रत्यक्षात सात-आठ मिनिटंच दाबलेला असतो, म्हणजे एका हॅचबॅकला 50 लिटर धरा. त्यातलं 40 च्या आसपास परत हाती लागतं. बाकीचं गाडीवर राहतं, टॉवेलमध्ये जातं, उडतं. 50 पैकी 20 लिटर परत वापरलेलं आणि 30 ताजं असं ठरवलं, तर पहिल्या गाडीला, तेव्हा गाळलेलं पाणी नसल्यामुळे, पूर्ण 50 लिटर ताजं धरून सहा गाड्यांना 200 लिटर ताजं पाणी लागतं आणि दिवसाअखेर 140 लिटर सांडपाणी शिल्लक राहतं.

त्यावरून टाक्या ठरतात: ताज्या पाण्याची 200 लिटरची, गाळ बसवायची 100 ची आणि गाळलेल्या पाण्याची 60 ची. तिन्ही एकदम कधीच भरलेल्या नसतात, कारण ताजं पाणी संपत जातं तसतसं सांडपाणी साठत जातं. त्यामुळे पाण्याचं वजन सकाळी जेवढं असतं त्यापेक्षा वाढत नाही. तरीही आरसी बुकातलं रिकाम्या गाडीचं वजन आणि कमाल वजन यांतली वजाबाकी करून बघा. 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो, वर वॉशर, व्हॅक्यूम, जनरेटर आणि दोन माणसं. ईकोसारख्या छोट्या गाडीत हे गणित काठावर येतं. मोठी टाकी दोन्ही आसांच्या मधे, जमेल तितकी खाली बसवा आणि आतून आडवे पडदे असलेलीच घ्या. अर्धी भरलेली टाकी वळणावर गाडीला हिसका देते. टाक्या फ्रेमला बोल्टने आवळा. बॉडी कापून काही कायमचं बसवणार असाल तर आधी आरटीओत विचारा, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अशा फेरफारांसाठीच आहे.

दुसरं काम: पाणी अडवणं

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. गाडीखाली अंथरायला 3 बाय 6 मीटरची पीव्हीसीचा थर असलेली ताडपत्री घ्या, 550 जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) पुढची. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला मापाने शिवून, वेल्डिंग करून मिळते. फ्लेक्सच्या बॅनरवर भागवू नका, चाकाखाली तो आठवडाभरही टिकत नाही. चारही कडा दुमडून आत फोमची नळी घाला, पाच-सहा सेंटिमीटर उंच. फोमच हवा, कारण गाडी आत घेताना चाक कडेवरून जातं. फोम दबतो आणि परत फुगतो, पीव्हीसी पाइप तडकतो.

काठ इतका उंच कशाला, असं वाटेल. 50 लिटर पाणी 18 चौरस मीटरवर सपाट पसरलं तर 3 मिलिमीटरसुद्धा भरत नाही. पण पार्किंगची फरशी सपाट कुठे असते? शंभराला एक एवढा उतार असला तरी सहा मीटरमध्ये 6 सेंटिमीटरचा फरक पडतो आणि सगळं पाणी एका टोकाला जमतं. या उताराचा फायदा घ्या. ताडपत्री अंथरण्याआधी जमिनीवर तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठे पळतं ते बघा. त्या कोपऱ्यात कड दुहेरी करा आणि व्हॅक्यूमची नळी तिथेच ठेवा. मग वायपर घेऊन पाण्यामागे धावावं लागत नाही.

अंथरण्याआधी जागा झाडून खडे काढा. गाडी ताडपत्रीवर उभी असताना स्टिअरिंग जागच्या जागी फिरवू देऊ नका. ताडपत्र्या फाटतात त्या बहुतेक याच वेळी. मडगार्डच्या आतला वाळलेला चिखल ब्रशने खरवडून कोरडाच गोळा करा. तेवढा गाळ टाकीत कमी जातो.

तिसरं काम: उचलणं

30 लिटरचा ओला-सुका व्हॅक्यूम पुरतो. त्याची टाकी भरली की आतला फ्लोट शोषण बंद करतो, पण भरलेला 30 लिटरचा डबा उचलून व्हॅनमध्ये ओतणं म्हणजे कमरेचं काम. डब्याच्या तळाला टँक निप्पल (नळी जोडायचं तोंड) बसवा, पुढे जाळीची गाळणी आणि फवारणीच्या पंपात असतो तसा 12 व्होल्टचा डायफ्राम पंप. पाणी गाळाच्या टाकीत आपोआप चढतं. गाळणी विसरू नका, बारीक खडीचा एक दाणा व्हॉल्व्हमध्ये अडकला की डायफ्राम पंप नुसता गुरगुरत बसतो.

विजेबद्दल थोडक्यात: व्हॅक्यूम आणि वॉशर एकाच एक्स्टेंशनवर एकदम चालवू नका. ओल्या जमिनीवर काम आहे, त्यामुळे 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय सोसायटीच्या पॉइंटला प्लग लावायचाच नाही.

चौथं काम: गाळ बसवणं आणि गाळणं

गाळाची टाकी तळाशी निमुळती घ्या आणि अगदी खाली दीड इंची बॉल व्हॉल्व्ह लावा, गाळ काढायला. पाणी घ्यायचा नळ मात्र 20 लिटरच्या खुणेवर बसवा. ऑइल वर तरंगतं, माती खाली बसते, आपण मधलं पाणी घ्यायचं. उपसताना पातळी नळाच्या चार बोटं वर आली की थांबा, नाहीतर ऑइलचा तवंग फिल्टरमध्ये जाईल. तवंगासाठी पृष्ठभागावर ऑइल शोषणारा पॅड सोडून ठेवा, पांढरा असतो तो. पाणी न पिता तेवढं ऑइलच पितो.

अडचण अशी की चालत्या व्हॅनमध्ये काहीच बसत नाही. स्पीडब्रेकरवर सगळा गाळ परत वर येतो. म्हणून कामाचा क्रम बदला: आधी गाडी बाहेरून धुवा, पाणी उचला, टाकीत तुरटी टाका आणि मग आतली सफाई, डॅशबोर्ड, टायर पॉलिश करायला घ्या. तेवढ्या अर्ध्या-पाऊण तासात गाळ बसतो. व्हॅन सुरू करण्यापूर्वी वरचं पाणी फिल्टरमधून गाळून तिसऱ्या टाकीत घ्या. एकाच सोसायटीत लागोपाठ गाड्या घेतल्या तर हे फार सोपं जातं, म्हणून अपॉइंटमेंटही तशाच लावा.

तुरटी किती टाकायची ते अंदाजाने ठरवू नका. 10 ग्रॅम तुरटी 1 लिटर पाण्यात विरघळवा. पारदर्शक चार बाटल्यांत एकेक लिटर सांडपाणी घ्या आणि या द्रावणाचे 5, 10, 15 आणि 20 मिलिलिटर घाला. मिनिटभर जोरात हलवा, नंतर दोन-तीन मिनिटं हळूहळू फिरवा आणि ठेवून द्या. पाच-दहा मिनिटांत एखाद्या बाटलीत करडे पुंजके धरायला लागतात आणि खाली उतरतात. सगळ्यात कमी मात्रेत ज्या बाटलीचं पाणी नितळलं, तो तुमचा आकडा. 10 मिलिलिटरला जमलं तर 40 लिटरला 400 मिलिलिटर. शॅम्पू बदलला, हंगाम बदलला की ही चाचणी पुन्हा करा.

चारही बाटल्या गढूळच राहिल्या तर दोष बहुधा तुरटीचा नसतो, शॅम्पूचा असतो. तीव्र अल्कलाइन डिग्रीझर पाण्याचा सामू वर नेतो आणि तिथे तुरटी नीट काम करत नाही. काही शॅम्पू ऑइलचे इतके बारीक थेंब करतात की ते तरंगतच नाहीत. वॅक्स किंवा सिलिकॉनवाला शॅम्पू कार्ट्रिजवर चिकट थर धरतो. माझं स्पष्ट मत आहे की या व्यवस्थेतला सगळ्यात महत्त्वाचा भाग शॅम्पूच्या कॅनमध्ये असतो. सौम्य, तेलापासून लवकर सुटणारा शॅम्पू घ्या आणि फोमला मोजून वापरा.

नितळलेलं पाणी पुढे क्रमाने 50, 20 आणि 5 मायक्रॉनच्या कार्ट्रिजमधून आणि शेवटी ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून न्या. कार्ट्रिज ज्यात बसतात त्या हाउसिंग जंबो आकाराच्या घ्या, छोट्या फार लवकर चोंदतात. पहिल्या हाउसिंगच्या अलीकडे-पलीकडे एकेक प्रेशर गेज लावला, तर फरक वाढला की 50 चं कार्ट्रिज बदलायची वेळ झाली हे कळतं.

पाचवं काम: कुठलं पाणी कुठे

हे फिल्टर पाण्यात विरघळलेले क्षार काढत नाहीत. पाणी पुन्हा पुन्हा फिरवलं की क्षार वाढतात आणि काळ्या बोनेटवर उन्हात पांढरे ठिपके उमटतात. म्हणून गाळलेलं पाणी फक्त चाकं, मडगार्डचा आतला भाग, रबरी मॅट आणि फोमच्या आधीची ओली धुलाई यांना. शेवटची धुलाई नेहमी ताज्या पाण्याने. टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारा, खिशात ठेवा. गाळलेल्या पाण्याचा आकडा सकाळच्या ताज्या पाण्याच्या दुपटीवर गेला की मी ते पुढे वापरत नाही. पालिकेच्या पाण्यावर सुरुवात केली तर बराच वाव मिळतो. आपल्या बेसॉल्टमधलं बोअरचं पाणी मुळातच जड, तिथे वाव कमी.

गाळलेलं पाणी प्रेशर वॉशरला जोडू नका. उरलेसुरले कण पंपाचे सील खातात आणि साठलेल्या कोमट पाण्याचा बारीक तुषार श्वासात जाणंही बरं नाही. लिजिओनेलासारखे जंतू असल्याच पाण्यात वाढतात. गाळलेल्या पाण्यासाठी कमी दाबाची वेगळी बंदूक ठेवा. ताज्या पाण्याला निळी नळी, दुसऱ्याला लाल, आणि दोघींचा सांधा कुठेही नको. सोसायटीच्या नळावरून भरताना नळीचं टोक टाकीतल्या पाण्यात बुडवू नका, वर अधांतरी ठेवा.

इंजिन धुतलेलं पाणी या व्यवस्थेत मुळीच घेऊ नका. ते वेगळ्या कॅनमध्ये.

संध्याकाळी

साठलेलं पाणी रात्रभर बंद टाकीत राहिलं, तर उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळी झाकण उघडताच सडक्या अंड्यांचा वास येतो. म्हणून रोज रिकामं करा. उरलेलं पाणी मैलापाण्याच्या ड्रेनेजमध्ये, तेही परवानगीने. सोसायटीचा स्वतःचा एसटीपी (मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प) असेल तर तिथल्या ऑपरेटरला आधी विचारा. शॅम्पूचं पाणी एकदम ओतलं की त्याच्या हवेच्या टाकीवर फेसाचा डोंगर उभा राहतो आणि फोन तुम्हालाच येतो. टाकी धुताना क्लोरीनचं ब्लीच थोडं वापरायला हरकत नाही, पण अलॉय व्हीलचा ॲसिडवाला क्लीनर आसपास नको. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद व्हॅनमध्ये तो जिवावर बेतू शकतो.

गाळ जाड कापडी पिशवीत निथळत ठेवा. त्यात ब्रेकची धातूची भुकटी आणि ऑइल असतं, तेव्हा तो कुंड्यांत किंवा बागेत नको. घातक कचऱ्याची अधिकृत केंद्रं रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी इथे आहेत, पण एका व्हॅनच्या पिशवीसाठी तिथे जाणं व्यवहारात बसत नाही. ज्या सर्व्हिस सेंटरचा असा कचरा नियमित उचलला जातो, त्यांच्याशी बोलून ठेवा आणि ऑइलचे पॅड, वापरलेली कार्ट्रिज, गाळ एकत्र तिथे द्या.

पावसाळ्यात

18 चौरस मीटरच्या ताडपत्रीवर 10 मिलिमीटर पाऊस पडला तर 180 लिटर पाणी जमतं. जूनमधली एक सर तुमची सगळी टाकी भरून टाकेल. तेव्हा जून ते सप्टेंबर फक्त छपराखालच्या पार्किंगमधली कामं घ्या. उघड्यावरच्या गिऱ्हाइकाला रिन्सलेस वॉश सांगा: बादलीत 10-12 लिटर पाणी, मायक्रोफायबरचे सात-आठ कपडे, प्रत्येक पॅनलला कपड्याची नवी घडी. गाडी चिखलाने बरबटलेली असेल तर तेही नाही, कारण तो चिखल कापडाखाली रंगावर ओरखडे काढतो. तिला छपराखालची वेळ द्या.