किनाऱ्यावर नौदल अधिकाऱ्याचं स्मारक उभारताना

चौथरा, नांगर, ध्वजस्तंभ हे सगळं नंतर. आधी शिळेवरचा मजकूर पक्का करा. ग्रॅनाइटवर पडलेली चूक दुरुस्त होत नाही, शिळाच बदलावी लागते.

सर्वांत जास्त घोळ हुद्द्यात होतो. पराक्रम केला तेव्हाचा हुद्दा आणि निवृत्तीचा हुद्दा वेगळा असू शकतो. मोहन नारायण राव सामंत यांना १९७१ च्या युद्धातल्या कामगिरीसाठी महावीर चक्र मिळालं तेव्हा ते कमांडर होते; निवृत्त झाले ते कॅप्टन म्हणून. नावाआधी शेवटचा हुद्दा आणि कामगिरीच्या ओळीत तेव्हाचा, असं लिहिलं की वाद उरत नाही. लेफ्टनंट कमांडरला नुसतं ‘कमांडर’ लिहून परस्पर बढती देऊ नका. नौदलातला कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो, त्यामुळे तो हुद्दा लहान वाटतो म्हणून बदलायला निघालेल्यांना आधीच आवरा.

पदकाचं नाव राजपत्रातल्या नोंदीवरून घ्या, चौकातल्या फ्लेक्सवरून नको. उत्साहाच्या भरात ‘परमवीर’ लिहिलं जातं, पण परमवीर चक्र आजवर नौदलातल्या कोणालाही मिळालेलं नाही. फीत रंगवायची असेल तर महावीर चक्राची अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. जहाजाच्या नावापुढे वर्ष घाला, कारण नावं पुन्हा वापरली जातात: ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ बुडालेली ‘खुकरी’ वेगळी आणि २०२१ मध्ये सेवेतून निवृत्त झालेली ‘खुकरी’ वेगळी. कुटुंबाशी आणि नौदलाशी पत्रव्यवहार जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत सुरू करणं सोयीचं.

नौदलाचं बोधचिन्ह परवानगीशिवाय कोरू नका. त्यात सिंहमुद्रा आहे आणि तिच्या वापरावर २००५ चा कायदा आहे. निशाणाचंही तसंच. सध्याचं निशाण सप्टेंबर २०२२ पासूनचं, म्हणजे १९७१ च्या अधिकाऱ्याने ते पाहिलेलंही नसेल. ‘शं नो वरुणः’ हे नौदलाचं ब्रीदवाक्य लिहिणार असाल तर विसर्ग सुटू देऊ नका.

आता अक्षरं. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असला आणि कारखान्यातल्या संगणकावर तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. ‘शौर्य’चा रफार उडून शेजारच्या अक्षरावर बसतो, ‘चक्र’चा ‘क्र’ सुटा पडतो, आणि कोरणाऱ्या यंत्राला त्याचं काही सोयरसुतक नसतं. म्हणून फाइल आऊटलाइन करूनच (म्हणजे अक्षरांचे चित्रासारखे आकार करून) द्या, पूर्ण आकारात कागदावर छापून भिंतीला चिकटवा आणि तीन मीटरवरून दोन वेगवेगळ्या माणसांकडून मोठ्याने वाचून घ्या. नावाची अक्षरं ५० मिलिमीटर, बाकी मजकूर २५ च्या खाली नको. त्याहून लहान वेलांट्या शेवाळाने बुजतात. खोदाई निदान ३ मिलिमीटर खोल हवी. सोनेरी रंग पावसाळ्यात उतरतो, पण खोली असली की रंग गेल्यावरही अक्षर वाचता येतं. संगमरवर टाळाच, कोकणच्या पावसात तो काळवंडतो.

चौथरा जांभ्याचा शोभतो, पण चिरा पाणी पितो. त्याच्यावर थेट ग्रॅनाइट बसवलं तर मागून ओल येते आणि पातळ फरशी सुटते. मध्ये काँक्रीटचा थर आणि ओलरोधक लेप द्या, शिळा ४० मिलिमीटर जाडीची घ्या आणि नुसत्या सिमेंटवर न विसंबता पिनांनी अडकवा. पिना ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या. दुकानदार ३०४ पुढे करतो. दोन्ही सारखेच दिसतात, चुंबकानेही फरक कळत नाही. फरक खाऱ्या हवेतला गंज रोखणाऱ्या मॉलिब्डेनम धातूचा, ३१६ मध्ये ते २ ते ३ टक्के असतं. चाचणीचा दाखला मागा.

खाऱ्या तुषारांच्या टप्प्यात काँक्रीट एम ३५ प्रतीचं, सळईवर ५० मिलिमीटर कव्हर म्हणजे काँक्रीटचं आवरण, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत. खाडीची वाळू आणि मचूळ पाणी वापरलंत तर मीठ आतच कोंडलं जातं, सळई फुगते आणि काँक्रीट तडकतं. पाया पाऊस संपल्यावर घाला, म्हणजे ४ डिसेंबरच्या नौदल दिनाला अनावरण जमतं.

नांगर मिळाला तर त्याला नुसता हाताने तारेचा ब्रश मारून रंग देऊ नका. ब्लास्टिंग करून (दाबाने कण मारून गंज उडवून) झिंकचा प्रायमर, मग इपॉक्सी आणि वर पॉलियुरेथेन. तो थेट फरशीवर टेकला तर खाली पाणी साचून गंजाचे ओघळ जांभ्यावर उतरतात आणि ते डाग निघत नाहीत. नायलॉनच्या ठोकळ्यांवर दोन बोटं वर ठेवा. पितळी अक्षरांना लोखंडी स्क्रू कधीच नको.

पूर्णाकृती पुतळ्याचा मोह छोट्या गावाने टाळलेला बरा. मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, खर्च फुगतो आणि वाऱ्याचा हिशेब वेगळाच. मालवणच्या राजकोटावरचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नटबोल्ट गंजल्याचं त्याआधी लेखी कळवलं गेलं होतं. जागा रस्त्यावर किंवा पदपथावर नको, सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आडवा येतो. भरतीरेषेजवळ सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) परवानगी आधी तपासा. माडाखालची सावली छान वाटते, पण झावळी आणि नारळ थेट शिळेवर पडतात.

पुष्पचक्रासाठी शिळेपुढे ४५ सेंटिमीटर रुंद कट्टा ठेवा, त्याला बाहेर उतार द्या. वयस्क माजी सैनिक येणार, म्हणून १:१२ चा (बारा फुटांत एक फूट चढणारा) रॅम्प हवाच.

आगोटीआधी, म्हणजे पावसाळा सुरू होण्याआधी, दरवर्षी गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, ब्राँझवर मेण चढवायचं, नांगराच्या रंगाचे पोपडे तपासायचे आणि ध्वजस्तंभाचं अर्थिंग मोजायचं. हे कोण करणार ते नगरपंचायतीच्या ठरावात नावानिशी लिहून घ्या, आणि त्यासाठी वेगळी रक्कम अंदाजपत्रकात धरल्याशिवाय पायाची कुदळ मारू नका.