दागिन्याचा फोटो: खिडकी, बटर पेपर आणि वीतभर अंतर

बोरमाळेचा फोटो काढा आणि बोटांनी मोठा करून बघा. प्रत्येक मण्यात एक काळा चौकोन दिसेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन हात. तो तुमचा मोबाइल, हातही तुमचेच. मागचं कॅलेंडर, दोरीवरचा लाल टॉवेल, सगळं घर त्या मण्यांत उतरलेलं असतं. चकचकीत सोनं-चांदी म्हणजे आरसाच. समोर जे असेल ते दाखवणार. म्हणून नवा मोबाइल घ्यायचा विचार करण्याआधी दागिन्यासमोर काय असावं आणि काय नसावं, ते ठरवा. निम्मं काम तिथेच होतं.

मी जळगावात घरूनच एक ग्रॅम सोन्याचे (म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेले) आणि चांदीचे दागिने विकते, शिवाय सराफ बाजारातल्या काही दुकानांना फोटो काढून देते. आमच्या गावाला सुवर्णनगरी म्हणतात. इथलं गिऱ्हाईक दागिना हातात घेणार, उलटा करणार, फिरकी फिरवून बघणार. मोबाइलवर आलं तरी ती सवय सुटत नाही. मागची बाजू दिसली नाही तर "पाठीमागून टाका ना ताई" असा मेसेज येतोच. आणि रंग जरा इकडचा तिकडे झाला की अहिराणीत थेट प्रश्न, "हाई सोनं शे का पितय?" म्हणजे हे सोनं आहे का पितळ?

उजेडासाठी खिडकी पुरते. तिच्यावर बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर चिकटवायचा, म्हणजे ऊन गाळून मऊ उजेड येतो. खिडकीला लागून टेबल, टेबलावर दागिना, आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा कार्डबोर्ड किंवा थर्माकोलचा तुकडा उभा. खिडकीचा उजेड त्यावर आपटून दागिन्याच्या अंधाऱ्या बाजूला परत येतो. त्या वेळी खोलीतली ट्यूब आणि बल्ब बंद पाहिजेत. दोन जातींचे उजेड एकत्र आले की दागिना एका बाजूने निळसर आणि दुसऱ्या बाजूने पिवळा दिसतो, आणि ते नंतर कुठल्याही अ‍ॅपमध्ये नीट होत नाही.

उत्तरेची खिडकी चांगली, असं सगळेच सांगतात. खरं आहे, पण खानदेशात त्याला एक अपवाद आहे. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण 21 अंशांवर. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारीसुद्धा किंचित उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळ तर त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतून थेट तिरीप येते. म्हणून जूनमध्ये बटर पेपरचे दोन थर लावा. पाऊस सुरू झाला की उलट; ढगाळ दिवसाचा उजेड इतका मऊ असतो की एकही कागद लागत नाही, फक्त रंग जरा निळसर येतो.

उन्हाळ्याचं अजून एक. कूलर बंद करा! झुमके टांगून फोटो काढत असाल तर कूलरच्या वाऱ्याने घुंगरू हलत राहतात, आणि खिडकीतल्या कूलरची थरथर टेबलापर्यंत पोचते ती वेगळीच. पारा 44-45 वर गेला की मोबाइलही तापून कॅमेरा बंद करतो. त्या महिन्यांत सकाळी लवकर बसून दहाच्या आत उरकायचं.

आता मोबाइल. लेन्स पुसा, चष्म्याच्या कापडाने, पदराने नको. मग सगळ्यांच्या हातून होते ती गोष्ट: बारीक काम दिसावं म्हणून मोबाइल दागिन्याच्या अगदी तोंडाशी नेणं. बहुतेक मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याला दहा-पंधरा सेंटीमीटरच्या आत फोकस करताच येत नाही. म्हणून वीतभर लांब राहा, 2x झूम करा आणि उरलेलं नंतर कापा, म्हणजे क्रॉप करा. लांबून काढल्याचा दुसरा फायदाही आहे. जवळून काढलेल्या फोटोत जेमतेम काही मिलीमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. झुमक्याचा पुढचा मणी दिसतो, मागचा धूसर होतो. लांब गेलात की तो पट्टा वाढतो. स्वस्त मोबाइलवर 'मॅक्रो' म्हणून जी 2 मेगापिक्सेलची वेगळी लेन्स देतात, ती विसरून जा. तिच्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्यातून काढून कापलेला फोटो केव्हाही सरस.

मोबाइल स्टँडवर लावा. आमच्या जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये साधा स्टँड सहज मिळतो, नाहीतर डब्यांना टेकवून उभा करा. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्का फोटोत येत नाही. स्क्रीनवर दागिन्याच्या सगळ्यात महत्त्वाच्या जागी बोट दाबून धरा, फोकस तिथे लॉक होतो. मग शेजारी दिसणारी, उजेड कमी-जास्त करायची सूर्याची खूण थोडी खाली ओढा. सोन्याच्या चमकत्या कडा पांढऱ्याफटक झाल्या तर तिथलं नक्षीकाम गेलं ते गेलंच. थोडा काळा आलेला फोटो उजळता येतो.

कॅमेऱ्यात प्रो मोड (सगळं हाताने ठरवायचा) असेल तर आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, 50 किंवा 100, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाचा तोल, 5200 केल्विनच्या आसपास ठेवून बसवून टाका. रात्री ट्यूबखाली काढायची वेळ आलीच तर शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बाकीच्या वेगांना फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात.

नथीचं जरा सविस्तर सांगते, कारण नथ जमली की बाकी सगळं जमतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते, त्याच्या आधी नथींची विचारणा सुरू होते. आडवी ठेवलेली नथ फोटोत मेल्यासारखी दिसते. मुगाच्या दाण्याएवढं मेण तिच्या तारेखाली लावा आणि ती उभी करा, जरा मागे रेललेली. मोबाइलची पाठ नथीच्या पातळीला समांतर पाहिजे, तरच सगळे मोती एकाच वेळी स्पष्ट येतात. फोकस मधल्या लाल खड्यावर. आता मोत्यांकडे बघा. प्रत्येक मोत्यावर खिडकीचा एकच पांढरा ठिपका हवा, तोही एकाच बाजूला. त्यानेच मोती गोल दिसतो. दोन ठिपके दिसत असतील तर कुठेतरी दुसरा दिवा चालू आहे. पांढऱ्या कागदावर मोती हरवतात, म्हणून खाली फिका करडा ड्रॉइंग पेपर घ्या, चमक नसलेला. शेवटी कपड्यांचा विचार करा. लाल साडी नेसून वाकलात तर नथीची तार तांबूस दिसणार. मी फोटोच्या दिवशी पांढरा नाहीतर करडा कुर्ता घालते, आणि काळ्या कार्डबोर्डला लेन्सपुरतं भोक पाडून तो मोबाइलपुढे धरते. मण्यांतले हात गायब होतात.

केळीच्या पानावर दागिना ठेवायची हौस आपल्याकडे फार. पान घरचं, फुकटचं, दिसायलाही छान. पण सोन्याच्या खालच्या अंगाला हिरवी झाक चढते आणि अस्सल बावीस कॅरेटसुद्धा पितळेसारखं दिसतं. शुभेच्छांच्या स्टेटसला पान चालेल, विक्रीच्या फोटोला नको. सराफाकडच्या गुलाबी कागदाचंही तेच, चांदीवर तो लगेच उतरतो. डबीतल्या कापसाचे तंतू तर डोळ्यांना दिसत नाहीत, फोटो मोठा केला की दोरखंडासारखे दिसतात. मऊ मेकअप ब्रशने झटका. सोनं रिठ्याच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून घ्या. मोत्यांना आणि एक ग्रॅमच्या मालाला मात्र पाणी लावू नका.

चांदीचं गणित वेगळं. पैंजण सगळीकडून पांढऱ्या कागदांनी घेरले तर चपटे, राखाडी दिसतात. बाजूला काळ्या कागदाच्या दोन पट्ट्या उभ्या करा. त्या काळ्या रेषा चांदीत उमटतात आणि घडण उठून येते. अमेरिकन डायमंडला मऊ उजेड पुरत नाही. खिडकी तशीच ठेवून मागून, थोड्या वरून एक लहान टॉर्च धरा आणि हळूहळू फिरवा. एका ठिकाणी खडे पेटल्यासारखे होतात, तिथे थांबा. यासाठी दुसरं माणूस लागतं. आमच्याकडे ते काम भाच्याचं, आणि तो त्याचे पैसे घेतो.

खऱ्या सोन्याचा हॉलमार्क दाखवावा लागतो. 1 एप्रिल 2023 पासून नव्या हॉलमार्कच्या दागिन्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, शुद्धता (बावीस कॅरेटला 22के916) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर, असतो. ही कोरणी इतकी बारीक की मोबाइल हरतो. सराफाचं दहापट भिंग लेन्सला चिकटवून धरा आणि उजेड अगदी आडवा, कडेने येऊ द्या, म्हणजे अक्षरं सावलीने उठतात. हा फोटो मी सगळ्यांना दिसेल असा टाकत नाही. खरेदीचं नक्की झालं की गिऱ्हाइकाला पाठवते, ते बीआयएस केअर अ‍ॅपवर नंबर तपासून घेतं. एक ग्रॅमचा माल असेल तर फोटोखाली पहिल्याच ओळीत तसं लिहा. सोन्यासारखा फोटो काढून गप्प बसणाऱ्यांनी ऑनलाइन धंद्याचं नाव खराब केलंय.

एका दागिन्याचे चार-पाच फोटो पुरतात: समोरून, बाजूने, पाठीमागून हूक-फिरकीसह, पट्टीशेजारी ठेवून आणि अंगावर घातलेला. शेवटचा टाळू नका. ठुशी गळ्याला किती घट्ट बसते, हे पट्टीवरून कुणाला कळत नाही. वजन ग्रॅममध्ये लिहा, काट्यावरचा आकडा फोटोत दाखवला तर उत्तमच.

नंतरचं काम थोडकं. कापा, थोडं उजळा, तिथेच थांबा. रंग भडक करणारे फिल्टर आणि मोबाइलचा आपोआप 'सुंदर' करणारा मोड बंद, नाहीतर परत आलेल्या पार्सलचा खर्च तुमच्याच माथी. अ‍ॅमेझॉनवर टाकणार असाल तर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, दागिन्याने चौकटीचा 85 टक्के भाग व्यापलेला, आणि झूम चालण्यासाठी लांब बाजू किमान 1000 पिक्सेल. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, म्हणून एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि पाठवण्याआधी तो फोटो घरातल्या सगळ्यात जुन्या, तडा गेलेल्या मोबाइलवर उघडून बघा. निम्मी गिऱ्हाइकं तसल्याच स्क्रीनवर बघत असतात.