गाडीचं वय टपावर कळतं

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस बोनेट उघडतो, टायर दाबून बघतो, इंजिनचा आवाज ऐकतो. मी आधी पायरीवर चढून टपावर नजर टाकतो. दरवाजे सगळेच पुसतात, टपाकडं कोण बघत नाही. तिथं रंगावरचं पारदर्शक लॅकर पांढरट पडून सोलवटलं असलं, तर गाडी वर्षानुवर्षं उघड्यावर उभी होती. मग मालक "घरातली गाडी हाय, सावलीतली हाय" म्हणून कितीही सांगू दे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात सत्तावीस वर्षं गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग केलं. आता थिनरचा वास सोसत नाही म्हणून थांबलोय, पण गल्लीतल्या गाड्यांची दुखणी अजून माझ्याकडंच येतात. माझी स्वतःची गाडीही उघड्यावरच असते. मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं, बोळ असा की रिक्षा आली तर माणसानं उंबऱ्यावर चढायचं. त्यामुळं गाडी तालमीशेजारच्या मोकळ्या जागेत, भिंतीच्या कडेला. २०१४ सालची लाल गाडी आहे आणि लाल रंग उन्हापुढं सगळ्यात आधी हात टेकतो. तरी टप अजून आरशासारखा आहे. मी काय करतो आणि काय मुद्दाम करत नाही, ते सांगतो.

कंपनीतनं आलेल्या गाडीवर पत्र्यापासनं वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन रंग असतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात सगळ्यात वरचं पारदर्शक लॅकर ४०-५० मायक्रॉन. वर्तमानपत्राचा कागदसुद्धा याहून जाड. ऊन, पाऊस, विष्ठा, सगळं तेवढंच अंगावर घेतं. आम्ही मशीन लावून बफिंग करतो तेव्हा चमक वरून येत नाही, लॅकरच थोडं घासून निघतं आणि खालचं गुळगुळीत वर येतं. दर दिवाळीला बफिंग करून घेणारी गिऱ्हाइकं माझ्याकडं होती. चौथ्या-पाचव्या वर्षी त्यांना सांगावं लागायचं की आता घासायला काही उरलं नाही, रंगच मारावा लागेल.

लॅकरला सगळ्यात जास्त मार कशाचा बसतो विचाराल तर लोक ऊन म्हणतील. मी म्हणेन सकाळचं कोरडं फडकं. दात घासत घासत जुन्या बनियननं गाडी झटकायची सवय घरोघरी आहे. आपल्याकडच्या धुळीत खडीची कच असते, रस्ता उकरलेला असला तर विचारूच नका. ती कच फडक्याखाली धरून तुम्ही गाडीवर गोल गोल फिरवता. वर्षभरानं गाडी उन्हात उभी करा आणि सूर्याचं प्रतिबिंब पडतं तिथं बघा, कोळ्याचं जाळं दिसेल. तो सगळा बनियनचा पराक्रम. धूळ बसली तर बसू दे, कोरडी धूळ नुसती बसून रंगाला काही करत नाही.

धुवायची ती आठवड्यातनं एकदा, ऊन चढायच्या आत. आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्या. मग दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, टपापासनं खाली यायचं आणि प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच परत शॅम्पूत घालायचा. दाराचा खालचा भाग शेवटी, कारण चिखल तिथं असतो. भांड्याचा साबण वापरू नका, त्यानं वॅक्स उतरतं. बोअरचं पाणी असेल तर अंगावर वाळू देऊ नका, लगेच टिपून घ्या, नाहीतर क्षाराचे पांढरे ठिपके बसतात. बसलेच तर पांढरा व्हिनेगर आणि तेवढंच पाणी फडक्यावर घेऊन मिनिटभर ठेवा, मग धुवून टाका.

आता पक्ष्यांची विष्ठा. आमच्या तालमीच्या मागं उंबराचं झाड आहे. दिवसा पाखरं, रात्री वटवाघळं. विष्ठेतलं आम्ल रंग खातं हे सगळ्यांना माहीत आहे, पण निम्मं नुकसान उन्हानं होतं. दुपारी पत्रा तापला की लॅकर मऊ पडतं, फुगतं. संध्याकाळी गार होताना आकसतं आणि वर वाळलेल्या विष्ठेच्या खडबडीत आकाराला धरून बसतं. पुसल्यावर निस्तेज डाग राहतो तो त्या साच्याचा. म्हणून उन्हाळ्यात विष्ठा दिसली की रविवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी काढायची. नखानं खरवडायचं नाही, कोरडं पुसायचं नाही, कारण आत फळांच्या बारीक बिया असतात. माझ्या डिकीत पाण्याची बाटली आणि दोन फडकी कायम असतात. फडकं भिजवून डागावर झाकून ठेवतो, पाच-दहा मिनिटं तालमीच्या कट्ट्यावर बसतो, मग वरच्या वर उचलतो. राहिलं तर परत तेच. डाग आधीच उठला असेल तर घरी पॉलिशचं कंपाउंड घासत बसू नका, जाणत्या हाताला दाखवा.

झाडाची सावली हवी असते, पण झाड बघून घ्या. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, वळवाच्या पहिल्या वाऱ्यात फांदी खाली. नारळाखाली गाडी लावणाऱ्याला मी काही सांगत नाही, तो शूर माणूस असतो. आंब्याला मोहर आला की तुडतुडे येतात आणि त्यांचा चिकटा काचेवर, बोनेटवर साखरेच्या पाकासारखा पडतो. तो कोमट पाण्यानं सहज जातो, पण महिनाभर राहिला की त्यावर काळी बुरशी धरते. जांभळाचं तुम्हीच बघा. झाडाचा खरा डिंक पडला असेल तर हात धुवायचं सॅनिटायझर फडक्यावर घेऊन थोडा वेळ टेकवा, विरघळला की लगेच पाण्यानं धुवा आणि तेवढ्या जागेला परत वॅक्स लावा. झाडापेक्षा मला भिंत बरी वाटते. इमारतीच्या पूर्वेच्या अंगाला दुपारनंतर सावली येते, आणि ऊन खरं भाजतं ते दुपारनंतरच. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मात्र कोल्हापुरात सूर्य बरोबर डोक्यावरनं जातो, तेव्हा भर दुपारी भिंतसुद्धा कामाची नाही.

थंडीतलं आपलं वेगळंच दुखणं म्हणजे काजळी. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या वाऱ्याखाली राहणाऱ्यांच्या गाड्यांवर काळे तंतू पडलेले असतात. गुऱ्हाळाकडं गूळ आणायला गेलात आणि चुलवणाच्या वाऱ्याला गाडी लावलीत तरी तेच, चिपाडाची राख. ही काजळी बोटानं पुसली की पसरते, पांढऱ्या गाडीवर तर शाई सांडल्यासारखी. आधी फुंकर, मग पाण्याची धार, मग शॅम्पू, याच क्रमानं. आणि पहाटेचं दव पडायच्या आत गेली तर फार सोपं, दव पडलं की ती चिकटते.

गुलालाचंही तसंच. जोतिबाला जाऊन आलात, गल्लीतनं गणपतीची मिरवणूक गेली किंवा कुणीतरी निवडून आलं, तर गाडी गुलाबी होणारच. त्यावर लगेच पाणी मारू नका. कोरड्या गुलालाची भुकटी असते, ओल्याचा रंग होतो, आणि तो बीडिंगच्या रबरात, दाराच्या फटीत जाऊन बसतो. हवेच्या पाइपनं किंवा मऊ ब्रशनं हलक्या हातानं उडवायचा आणि मग भरपूर पाणी. आत सीटवर सांडला असेल तर व्हॅक्यूमशिवाय हात लावू नका. मेहुण्यानं एकदा ओल्या टॉवेलनं पुसला, ती सीट अजून 'चांगभलं' म्हणते.

खंडेनवमीला गाडी पुजतो तेव्हा हार तारेनं बांधू नका, दोऱ्यानं बांधा. हार वाऱ्यानं हलतो आणि तार रात्रभर बोनेटवर रेघा मारते. हळदीचा पिवळा डाग राहिला तर घाबरू नका, धुवून उन्हात ठेवा, उन्हानं तो फिका होतो. ऊन एवढंच एक काम आपल्या बाजूनं करतं.

कव्हर घालू का, हा प्रश्न मला आठवड्यातनं एकदा तरी येतो. गाडी रोज चालवत असाल तर नको. रोज धुळीच्या गाडीवर कव्हर ओढायचं आणि काढायचं म्हणजे पुन्हा बनियनचंच काम, फक्त मोठ्या मापात. आठ-पंधरा दिवस गाडी उभी राहणार असेल तरच घाला. आधी गाडी धुवून पूर्ण कोरडी करा, कव्हर आतनं मऊ अस्तराचं घ्या आणि पोटाखालनं पट्टा आवळा, नाहीतर वाऱ्यानं फडफडत ते रंग घासत राहतं. पावसाळ्यात कव्हर अजिबात नको. आपल्याकडं जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, ओलं कव्हर अंगाला चिकटून आतल्या आत वाफ धरतं आणि रंगावर फोड येतात.

पलीकडच्या गल्लीतल्या अण्णांनी तर कव्हरचे पैसे वाचवायला कुणाच्यातरी वाढदिवसाचं डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा फलक, गाडीवर टाकलं होतं. चार कोपऱ्यांना विटा बांधलेल्या. पावसाळाभर टपावरनं नेते हसत होते. ऑक्टोबरात डिजिटल काढलं तर टपावर पांढरे पट्टे, आणि विटा लोंबत होत्या तिथं दारावर चंद्रकोरी. "आता काय करू?" म्हणाले. म्हटलं, "अण्णा, आता टप आणि दोन दारं रंगवू. कव्हरच्या दहापट पैसे लागतील." दोन दिवस बोलले नाहीत.

कव्हरऐवजी वॅक्स लावा. वर्षातनं दोनदा धरून ठेवा, मे संपताना आणि दिवाळी झाल्यावर. कार्नोबा वॅक्स आपल्या उन्हात दोन महिने टिकतं, पॉलिमरचं सीलंट चार ते सहा महिने. मी सीलंट लावतो, टपाला आणि बोनेटला दोन हात. पाण्याचे मणी बनायचे थांबले, पाणी पसरायला लागलं, की संपलं समजायचं. सिरॅमिक कोटिंग चांगलं असतं, महागही असतं, पण त्यावरही विष्ठा दिवसभर राहिली तर डाग पडतो. ते लावून फडकं मारायचं चालूच ठेवणार असाल तर पैसे बँकेत ठेवा.

आता आतलं. बाहेर ३६-३७ अंश असलं की बंद गाडीत तासाभरात ५५च्या वर जातं आणि डॅशबोर्ड त्याहून किती तरी तापतो. पुतण्या शिरोली एमआयडीसीत कामाला आहे, गाडी दिवसभर मैदानात. त्याला एवढंच करायला लावलं: पुढच्या काचेला आतनं चांदीच्या रंगाचा सनशेड, चकचकीत बाजू बाहेर, आणि गाडीचं नाक पूर्वेला किंवा उत्तरेला. दुपारचं पश्चिमेचं ऊन मग मागच्या किंवा बाजूच्या काचेवर जातं, डॅशबोर्डवर नाही. स्टिअरिंगवर आणि गिअरवर जुना पांढरा पंचा. बाजूच्या काचांना उन्हाच्या जाळ्या गाडी उभी असतानाच लावा. चालवताना पुढच्या-मागच्या काचेतनं ७० टक्के आणि बाजूच्या काचांतनं ५० टक्के उजेड आत यायलाच हवा, तो नियम आहे.

डॅशबोर्डला तेलकट चकाकणारं सिलिकॉन पॉलिश लावू नका. धूळ धरतं आणि उन्हात त्याची चमक काचेवर पडून समोरचं दिसत नाही. पाण्यातलं, मॅट दिसणारं घ्या. लायटर, डिओचा डबा, पॉवर बँक आत ठेवून जाऊ नका. आणि देवाची मूर्ती दुहेरी टेपनं चिकटवू नका, तापून गोंद प्लॅस्टिकमध्ये उतरतो. हवा खेळावी म्हणून काच बोटभर खाली ठेवायची तर दाराला व्हायझर हवा आणि तुम्ही हाकेच्या अंतरावर हवेत. वळीव विचारून येत नाही. आधी धुळीचा लोट, मग पाऊस, आणि सीटवर चिखल.

पावसाळ्यात पाणी वरनं कमी आणि पानांमुळं जास्त आत येतं. पुढच्या काचेखाली वायपरजवळ जी जाळी असते तिथं पानं, फुलं, शेंगांचा कचरा साठतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि पाणी आतल्या बाजूनं कार्पेटखाली उतरतं. गिऱ्हाईक म्हणतं, "काचा बंद, तरी पाय ओले कसे?" जूनच्या आधी आणि मग दर आठवड्याला ती जाळी हातानं साफ करा. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यातली भोकंसुद्धा. कार्पेटचे मॅट काढून रबराचे टाका. पाय ओले घेऊन बसावंच लागतं, म्हणून मॅटखाली वर्तमानपत्र घालतो आणि ओलं झालं की बदलतो. घर यायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा बाहेरच्या हवेवर ठेवला की आतली ओल निघते आणि कुबट वास येत नाही. सीटबेल्टवर पांढरी बुरशी आली तर पट्टा पूर्ण ओढून क्लिप लावून ठेवा, व्हिनेगर-पाण्यानं पुसा, वाळल्याशिवाय परत जाऊ देऊ नका. डांबरगोळ्या गाडीत टाकू नका, बंद गाडीत ती वाफ आपणच ओढतो.

पुराचं २०१९ आणि २०२१ नं शिकवलंच आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. नदीकाठच्या पेठेत राहत असाल तर ३९ला गाडी हलवा, ४३ची वाट बघू नका, तेव्हा सगळेच निघतात आणि रस्ता मिळत नाही. पाणी कार्पेटला लागून गेलं असेल तर वरनं वाळलेलं दिसलं तरी खालचा फोम पाणी धरून असतो. सीटा खोलून कार्पेट बाहेर काढल्याशिवाय वास जात नाही आणि खालचा पत्रा गंजतो. सीटपर्यंत चढलं असेल तर चावी फिरवूच नका, बॅटरीची वायर काढा आणि ओढून न्या.

दुधाळीतला मेहुणा आता ३७ फुटालाच फोन करतो. "दाजी, तालमीपाशी जागा हाय का?" जागा असते. फक्त उंबराखालची.