मावशी एक, घरं दोन: या चुका टाळा

२०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. तरी ती संपत आली की पोटात गोळा येतोच. सहा महिन्यांचं बाळ पाळणाघरात ठेवायला जीव होत नाही आणि दिवसभराच्या मावशींचा पगार एकट्याला झेपत नाही. मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतो, ‘आमच्या मावशी खूप चांगल्या आहेत, कुणाला शेअर करायच्या आहेत का?’

पहिली चूक इथेच होते, मावशींना कुणी विचारलेलंच नसतं. आम्हीही तेच केलं. शेजारच्या विंगमधलं कुटुंब ठरलं, वेळ ठरली, पैसे ठरले आणि मावशींना ते सोमवारी सकाळी कळलं. त्या काही बोलल्या नाहीत. बुधवारी मी लवकर घरी आले, तर एक बाळ मांडीवर, दुसरं झोळीत, पायाने झोळीला झोका चाललेला. तीन वाजून गेले होते आणि त्यांचा डबा ओट्यावर तसाच बंद होता. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “ताई, झोळीतलं एकच ठेवा. दुसरं चालतं-बोलतं असेल तर सांभाळते.” हे आधी विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. एक तान्हं आणि एक अडीच-तीन वर्षांचं, ही जोडी एका बाईला पेलते. दोन तान्ही पेलत नाहीत.

पैशांची चूकही याच्याच पोटातली. जुना पगार निम्मा-निम्मा वाटून घेऊ नका, काम वाढलेलं असतं. समजा एका मुलाचे पंधरा हजार देत होतात, तर आता दोन्ही घरांनी दहा-दहा द्यावेत. तुमचे पाच वाचतात, त्यांना पाच जास्त मिळतात. दोन्ही घरांचे पैसे एकाच तारखेला जाऊ द्या. उचल कुणी दिली, दिवाळीचं कोण किती देणार, हेही आधीच बोला.

कुटुंब निवडताना नुसतं मुलांचं वय आणि मजला बघू नका. एक अख्खी दुपार त्यांच्याकडे काढा. मूल मोबाईल बघत जेवतं का, घरात कुत्रा आहे का, हे दिसेलच. त्यांच्या कामवाल्या ताईंना चहा कुठल्या कपात मिळतो, तेही बघा. मी तर आता तेच आधी बघते.

आजारपणाचा नियम पहिल्याच दिवशी ठरवा. ताप आलेलं मूल आपापल्या घरी, औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल तरच परत. त्या दिवसाचा मावशींचा पगार कापायचा नाही. मावशी आजारी पडल्या तर रजा आळीपाळीने घ्यायची, दोन्ही घरांतल्या बाबांनीसुद्धा.

कुरबुर सुरू झालीच असेल, तर “मावशी, त्यांना सांगा हं” हे आजपासून बंद करा. त्यांच्यामार्फत निरोप पाठवले की दोन्हीकडून बोलणी त्याच खातात. रविवारी दोन्ही घरं आणि मावशी, सगळे एकत्र बसा आणि आधी त्यांना बोलू द्या. स्वयंपाकघरात एक वही ठेवा, खाणं, झोप आणि विशेषतः औषध किती वाजता दिलं ते लिहायला. सकाळी आईने पाजलेलं तापाचं औषध दुपारी लगेच पुन्हा दिलं जायला नको. मावशींना लिहिता येत नसेल तर त्यांनी फोनवर बोलून पाठवावं.

आणि एक घर बाहेर पडणार असेल तर मावशींना निदान महिनाभर आधी सांगा. त्यांच्या घरचं भाडं दोन्ही पगारांवर चालत असतं.